लहान मुलांना गडावर नेताना: दरवाज्याला एक खाऊ

सहा-सात वर्षांचं पोर गड चढताना दहाव्या मिनिटाला विचारतं, "अजून किती राहिलं?" आणि वीस मिनिटांनी कडेवर घ्या म्हणतं. लोहगडावर आम्हाला यावर सोपा उपाय सापडला.

लोहगडवाडीतून पायऱ्यांनी चढताना एकामागून एक चार दरवाजे लागतात: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा.

१. घरूनच चार छोट्या डब्या भरा. चिक्की, खारे दाणे, खजूर, शेवटच्या डबीत त्याचा सगळ्यात आवडता खाऊ. डब्यांवर १ ते ४ आकडे मुलालाच लिहू द्या.

२. डब्या त्याच्याच पाठपिशवीत. पाण्याची मोठी बाटली मात्र तुमच्याकडे.

३. नियम एकच: दरवाजा आला की डबी उघडायची, मधे नाही. पाणी हवं तेव्हा.

४. प्रत्येक दरवाज्यात पाच मिनिटं टेका. नारायण दरवाज्यापाशी भात-नाचणी साठवायची जागा आहे, ती दाखवा. तिथे पाचाची पंधरा होतात, होऊ द्या.

"किती राहिलं?"ला आता "दोन दरवाजे" असं उत्तर असतं, आणि ते पोराला कळतं. दरवाजे नसलेल्या टेकडीवर झाड, खडक, वळण काहीही चालेल.

एक जपा: गडावर माकडं फार. प्लॅस्टिकची पिशवी दिसली की झडप घालतात, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्याच घ्या. माकड जवळ असेल तर डबी बाहेर काढूच नका, पुढच्या वळणावर खा.