विज्ञानकथा मालिकेच्या शेवटाचा पूर्वार्ध कसा लिहावा

शेवट दोन भागांत विभागला की स्फोट, निरोप आणि उत्तरं सगळी उत्तरार्धाच्या वाट्याला जातात. पूर्वार्धाच्या हाती उरतो फक्त प्रश्न. मग लेखक घाबरतो आणि ४५ मिनिटं धावपळ, जुन्या पात्रांच्या भेटी आणि तांत्रिक बडबड भरतो. पूर्वार्धाचं काम खरं तर मोजकं आहे: एकच प्रश्न उभा करायचा आणि त्याचा भार ज्यांच्या खांद्यावर पडणार ती माणसं नीट दाखवायची.

इथे दोन नमुने घेतले आहेत. पहिला, ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’चा मे १९९४ मधला शेवट, ‘ऑल गुड थिंग्ज’. रोनाल्ड डी. मूर आणि ब्रॅनन ब्रागा यांनी लिहिलेला हा दोन तासांचा भाग एकसंध दाखवला गेला आणि पुढे पुनःप्रक्षेपणासाठी दोन भागांत कापला गेला. दुसरा, मूर यांच्याच ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’चा ‘डेब्रेक’. त्याचा पहिला भाग १३ मार्च २००९ ला आला आणि उरलेले दोन तास पुढच्या आठवड्यात. दोन्ही पाहिलेले नसतील तर आधी पाहून घ्या, कारण पुढे कथानक उघड होणार आहे.

आधी उत्तरार्ध ठरवा

पूर्वार्धाचं पहिलं पान लिहिण्याआधी उत्तरार्धाची वन-लाइन, म्हणजे घटनांचा थोडक्यात क्रम, दहा-बारा ओळींत लिहून काढा. मग शेवटी संकट ज्या गोष्टींमुळे सुटतं त्या प्रत्येक गोष्टीखाली रेघ मारा: यंत्र, नियम, माणूस, जागा, माहिती. यातली प्रत्येक गोष्ट पूर्वार्धात दोनदा दिसली पाहिजे, आणि त्यातल्या एकदा तरी ती अडचण म्हणून आली पाहिजे. विज्ञानकथेत हे फार महत्त्वाचं. जे यंत्र आधी कुणाला तरी त्रास देऊन गेलं आहे, ते शेवटी उपयोगी पडलं तर प्रेक्षक मान्य करतो. शेवटच्या दहा मिनिटांत जे पहिल्यांदा बाहेर येतं, त्याला तो लेखकाची पळवाट म्हणतो.

‘ऑल गुड थिंग्ज’मध्ये कॅप्टन पिकार्ड तीन काळांत भिरकावला जातो: जहाजावरचा पहिला दिवस, वर्तमान आणि पंचवीस वर्षांनंतरचा काळ. शेवटची सोडवणूक एकाच गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे एका काळातली माहिती त्याला दुसऱ्या काळात नेता येते. म्हणून सुरुवातीला हीच गोष्ट त्याला छळते. आठवणी पुसट येतात, वाक्य अर्धवट तुटतं, आपण कुठे आहोत हे त्यालाच कळत नाही. भविष्यकाळात त्याला मेंदूचा आजार आहे, त्यामुळे त्याचं बोलणं खरं की भ्रम, हे भोवतालच्या माणसांनाही ठरवता येत नाही. एका आजाराने नियमही समजावला आणि नाट्यही दिलं.

मध्यानंतर नवा नियम आणायचा नाही. आणावाच लागला तर पूर्वार्धात परत जाऊन त्याला जागा करा.

पानांचा हिशेब

पटकथेचं एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट. ४५ मिनिटांच्या पूर्वार्धासाठी ४४ ते ४६ पानं धरा. सुरुवातीचा तुकडा अडीच-तीन पानांचा आणि त्यानंतर पाच अंक, प्रत्येकी आठ-नऊ पानांचे. दर अंकाच्या शेवटी जाहिरातीचा ब्रेक. ब्रेक नसलेल्या ओटीटी मालिकेतही हे सांधे ठेवावेत, कारण लांबी कुठे वाढली ते त्यांच्यावरून लगेच सापडतं. सीन पंचवीस ते तीस. चाळीसच्या वर गेलात तर बहुधा तुम्ही माणसं सोडून बातम्या लिहीत आहात.

‘आधीच्या भागांत’ हा रीकॅप दीड मिनिटाच्या पुढे जाऊ देऊ नका. त्यात मालिकेचा इतिहास कोंबायचा मोह होतो. फक्त तेवढंच घ्या, जे नसेल तर उत्तरार्धाचा एखादा सीन कळणार नाही.

पहिली तीन पानं

‘ऑल गुड थिंग्ज’ची सुरुवात पाहा. पिकार्डच्या जहाजावरचे अधिकारी वॉर्फ आणि ट्रॉय कॉरिडॉरमध्ये उभे आहेत, जवळीक वाढते आहे, चुंबन होणार एवढ्यात लिफ्टचं दार उघडतं आणि पिकार्ड झोपेच्या झग्यात बाहेर येऊन तारीख विचारतो. मग सांगतो की मी काळात मागे-पुढे फेकला जातो आहे. तिथेच तुकडा संपतो. बाहेर एकही जहाज फुटलेलं नाही, आणि तरी प्रश्न मांडून झाला आहे.

या सीनमध्ये दुसरंही काम झालं आहे. भविष्यकाळात ट्रॉय हयात नाही आणि तिच्यावरून पिकार्डचा उपप्रमुख रायकर व वॉर्फ यांच्यात कायमचा दुरावा आला आहे. त्या दुराव्याचं बीज या अडलेल्या चुंबनातच आहे. सुरुवातीचा तुकडा लिहिताना हीच कसोटी लावा: मुख्य प्रश्न आणि माणसांमधला एक धागा, दोन्ही एकाच जागी आले का? दोनांसाठी दोन वेगळे सीन लागत असतील तर जागा बदलून पाहा.

एकापेक्षा जास्त काळ किंवा ट्रॅक असतील तर

प्रेक्षक चुकण्याची भीती वाटली की लेखक पडद्यावर तारखा टाकतो. त्याऐवजी प्रत्येक काळाला एका नजरेत ओळखता येईल अशी खूण द्या: गणवेश, दाढी, प्रकाशाचा रंग. पिकार्डची पिकलेली दाढी दिसली की भविष्यकाळ. सुरक्षा अधिकारी ताशा यार दिसली की भूतकाळ, कारण ती पहिल्याच सीझनमध्ये मेलेली आहे. खूण वेशभूषा आणि कला विभागाला पहिल्या बैठकीतच सांगा. शूटिंगच्या आठवड्यात सांगितलेली खूण अर्ध्या सीनमध्ये गायब असते.

सुरुवातीला प्रत्येक काळात तीन-चार पानं थांबा, मग दोन, आणि मध्य जवळ आला की अर्ध्या पानावर उडी मारा. पहिल्यापासूनच भराभर कापलंत तर पुढे वेग वाढवायला जागा राहत नाही.

यापेक्षा मोलाची युक्ती अशी: तिन्ही काळांत नायकाला जवळपास एकच मागणी करायला लावा आणि समोरची माणसं बदला. ‘माझ्यावर विश्वास ठेवा, कारण सांगता येत नाही.’ वर्तमानात सात वर्षांचे सहकारी ऐकतात. भूतकाळात हीच माणसं त्याला ओळखत नाहीत, म्हणून हुकूम पाळतात पण कुजबुजतात. भविष्यकाळात ती त्याच्यावर प्रेम करतात आणि त्याच्या डोक्यावर मात्र शंका घेतात. मालिकेने सात वर्षांत काय कमावलं, याबद्दल कुणालाही भाषण द्यावं लागलं नाही.

कथानक अडलं तर

‘डेब्रेक’ लिहिताना मूर कथानकात अडकले होते. शेवटी त्यांनी रायटर्स रूममधल्या फळ्यावर लिहिलं की मुद्दा पात्रांचा आहे. त्यातून पूर्वार्धातले फ्लॅशबॅक आले: युद्धाआधीचं शहर, घरात शिरलेल्या कबुतरामागे झाडू घेऊन धावणारा वैमानिक ली, अपघातात बहिणी आणि वडील गमावणारी, पुढे राष्ट्राध्यक्ष होणारी रोझलिन, म्हाताऱ्या बापाला कंटाळलेला शास्त्रज्ञ बाल्टर. कथानकाला यातल्या कशाचीही गरज नाही. काही प्रेक्षकांना ते रेंगाळल्यासारखं वाटतं, आणि पहिल्या वेळी पाहताना ती तक्रार रास्तच आहे. पण उत्तरार्धात ही माणसं जे निवडतात त्याला वजन इथूनच मिळतं.

स्वतः वापरायचं तर एका पात्राला एकच फ्लॅशबॅक-धागा द्या, तो दोन-तीन तुकड्यांत वाटा आणि एकूण दहा पानांच्या आत ठेवा. प्रत्येक तुकड्यात पात्राने काहीतरी ठरवायला हवं. नुसतं दुःख दाखवणारा फ्लॅशबॅक संकलनात पहिला उडतो.

मध्यावरचा शेवट

नायकाचा जीव टांगणीला लावू नका. पुढच्या आठवड्यात भाग आहे हे सगळ्यांना माहीत असतं. इथे चालतात दोनच गोष्टी: प्रश्नाचं रूप पालटणारी माहिती, किंवा मागे फिरता न येणारा निर्णय.

माहितीचा नमुना: ‘ऑल गुड थिंग्ज’मध्ये क्यू हा सर्वशक्तिमान परग्रही पिकार्डला पुन्हा न्यायालयात उभा करतो, सात वर्षांपूर्वीचा खटला संपलेलाच नव्हता असं सांगतो आणि मानवजातीच्या विनाशाला कारण खुद्द पिकार्ड ठरणार असल्याचं सुनावतो. तोवर प्रश्न होता ‘मला काय होतंय?’ आता तो होतो ‘मी काय करणार आहे?’

निर्णयाचा नमुना: ‘डेब्रेक’मध्ये जहाजाचा प्रमुख अॅडमिरल अडामा हँगरच्या जमिनीवर लाल रेघ ठेवतो. शत्रूने पळवलेल्या हेरा या लहान मुलीला सोडवायला स्वेच्छेने येणाऱ्यांनी एका बाजूला जायचं, बाकीच्यांनी दुसऱ्या. आजाराने खंगलेली रोझलिन चालत पलीकडे जाते. बाल्टर जात नाही. त्याला तिथेच उभा ठेवणं ही यातली खरी कारागिरी, कारण उत्तरार्धासाठी एक न फेडलेली उधारी राहते. तुमच्याही पूर्वार्धात एक माणूस चुकीच्या बाजूला उभा ठेवा.

माहितीचा तक्ता

काळाशी खेळ असेल तर तक्ता हवाच. रकाने: सीन क्रमांक, काळ, पात्र, त्याला काय माहीत आहे, काय नाही, आणि कोणतं जहाज किंवा यंत्र वापरलं. शेवटचा रकाना लोक गाळतात. ‘ऑल गुड थिंग्ज’मध्ये ज्या किरणांमुळे संकट ओढवतं ते तिन्ही काळांतले किरण एकाच जहाजातून सुटले असं पुढे सांगितलं जातं, पण भविष्यकाळातला किरण ‘पास्टर’ या वैद्यकीय जहाजातून सुटलेला आहे. चाहते तीस वर्षं ही चूक दाखवत आहेत. भाग तरीही टिकला, पण त्या रकान्याने ती पाच मिनिटांत पकडली असती. तक्ता भरायचं काम संवाद लिहिणाऱ्याकडे देऊ नका. त्याला स्वतःचं वाक्य वाचवायचं असतं.

कापण्याची सोय

एकसंध दाखवायचा भागही कधीतरी दोन तुकड्यांत जाणार, हे धरून चला. आपल्याकडच्या एक तासाच्या विशेष भागांनाही हेच लागू आहे. मध्य नेमका अंकाच्या शेवटी येऊ द्या. दुसऱ्या तुकड्याला श्रेयनामावली आणि रीकॅप पुन्हा लागतात, म्हणून उत्तरार्धात दोन-अडीच मिनिटांचे असे सीन ठेवा जे काढले तरी धागा तुटत नाही, आणि संहितेत त्यांच्यावर खूण करा. खूण नसेल तर संकलक शांत सीन उडवतो, आणि पात्रांची कमाई नेमकी त्यातच असते.

उत्तरार्धाचा रीकॅपही पूर्वार्ध हातावेगळा करतानाच लिहा: पाच-सहा शॉट, दोन वाक्यं, आणि त्यात मध्यावरचं शेवटचं वाक्य घ्यायचं नाही, कारण उत्तरार्धाचा पहिला सीन तिथूनच उचलायचा आहे.