एकाहून अधिक एसएसडींसाठी बाह्य एन्क्लोजर निवडताना

चार एसएसडी (चिपवर डेटा साठवणाऱ्या वेगवान ड्राइव्ह) बसणारे एन्क्लोजर, म्हणजे संगणकाला बाहेरून जोडायची पेटी, घ्यायचे ठरले की बहुतेकांची नजर आधी खोक्यावर ठळक छापलेल्या वेगाकडे जाते. खरे तर सुरुवात आपल्या संगणकाच्या पोर्टपासून करावी, कारण आत कितीही वेगवान एसएसडी बसवल्या तरी सगळा डेटा अखेर एकाच केबलमधून जाणार असतो. १० जीबीपीएसच्या (सेकंदाला १० गिगाबिट) यूएसबी पोर्टवर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे १,००० एमबी मिळतात आणि एक सॅटा (जुन्या, संथ जोडणीची) एसएसडी ५५० एमबीच्या आसपास जाते. म्हणजे दोन सॅटा एसएसडी एकत्र चालवल्या की ती केबल भरलीच. थंडरबोल्ट ३ किंवा ४ (टाइप-सी आकाराचेच, पण अधिक वेगवान पोर्ट) असेल, तर ४० जीबीपीएसपैकी साधारण २,८०० ते ३,००० एमबी हाती लागतात. २० जीबीपीएसच्या यूएसबी एन्क्लोजरबाबत मात्र जपून राहावे. ती पद्धत अनेक संगणकांना चालत नाही आणि जोडणी मुकाट्याने १० जीबीपीएसवर उतरते.

यापुढचा प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा: प्रत्येक स्लॉटला पीसीआयईच्या (वेगवान एसएसडी ज्या जोडणीवर चालतात तिच्या) किती लेन, म्हणजे डेटाच्या मार्गिका, मिळतात? थंडरबोल्ट ३ च्या जोडणीत एकूण चारच लेन असतात, त्यामुळे चार स्लॉटच्या एन्क्लोजरमध्ये बहुधा एकेकीच्या वाट्याला एकच लेन येते, आणि ७,००० एमबीचा दावा करणारी महागडी एसएसडी तिथे एकटी वापरली तर जेमतेम ८०० एमबीपर्यंत पोचते. पूर्ण वेग हवा असेल तर चारही एसएसडी रेड ० मध्ये (रेड म्हणजे अनेक ड्राइव्ह एकत्र चालवण्याची रचना; ० मध्ये डेटा सगळ्यांवर वाटून लिहिला जातो) जोडाव्या लागतात, आणि मग एक बिघडली की चारहींवरचा डेटा जातो.

रेड १ मध्ये प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत ठेवली जाते, त्यामुळे निम्मी जागा खर्ची पडते; रेड ५ मध्ये एक एसएसडी बिघडली तरी डेटा परत मिळेल इतकी जादा माहिती ठेवली जाते, त्यात चारपैकी एकीइतकी. माझा कल सॉफ्टवेअर रेडकडे, म्हणजे ही रचना संगणकाने सांभाळण्याकडे आहे. ही रचना स्वतःच सांभाळणारे हार्डवेअर रेडचे एन्क्लोजरच बंद पडले, तर डेटा वाचण्यासाठी पुष्कळदा त्याच जातीचे दुसरे एन्क्लोजर शोधत फिरावे लागते. मॅकच्या डिस्क युटिलिटीत रेड ० आणि १ होते, ५ नाही. यांपैकी काहीही बॅकअपची जागा घेत नाही, कारण चुकून पुसलेली फाइल रेड १ मध्ये दोन्हीकडून पुसली जाते.

उष्णतेचा विचार आपल्याकडे जरा जास्तच करावा लागतो. २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब अशा एसएसडींच्या चार पट्ट्या शेजारी शेजारी तापतात, आणि कंट्रोलर (एसएसडीवरची नियंत्रक चिप) ७०–८० अंशांवर पोचला की एसएसडी स्वतःच वेग कमी करते. मे महिन्यातल्या नागपूरच्या खोलीत ही वेळ लवकर येते. म्हणून धातूचे आवरण आणि शक्य तर बदलता येणारा पंखा पाहावा. बसवताना थर्मल पॅडच्या (उष्णता आवरणाकडे नेणाऱ्या मऊ पट्टीच्या) दोन्ही बाजूंची पातळ प्लॅस्टिक फिल्म सोलावी. ती राहिली तर उष्णता आवरणापर्यंत नीट पोचतच नाही.

भरात चालणारी एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणारी) एसएसडी ५ ते ८ वॅट घेते, तेव्हा चार एसएसडींसाठी स्वतंत्र ॲडॉप्टर असलेलेच एन्क्लोजर घ्यावे आणि जिथे वीज वरचेवर जाते तिथे ते यूपीएसवर ठेवावे. सोबत आलेलीच केबल वापरावी, कारण मोबाइल चार्जिंगच्या पुष्कळशा टाइप-सी केबल डेटासाठी ४८० एमबीपीएसच्याच असतात. परत करण्याची मुदत संपण्याआधी दोन-तीनशे जीबीची खरीखुरी नक्कल करून पाहावी; एक-दोन जीबीच्या चाचणीत एसएसडी तापतही नाही.