स्पीकरची वायर जोडताना

आधी अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद केलं तर मला तरी चैन पडत नाही.

वायर कुठली? गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड. 8 ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरला, पाच-सहा मीटर अंतरासाठी 16 गेजची साधी तांब्याची वायर भरपूर झाली. अंतर वाढलं किंवा स्पीकर 4 ओहमचा असला, तर 14 गेज घ्या. महागड्या वायरीने आवाज खुलतो वगैरे गप्पा सोडून द्या.

टोकाचं आवरण साधारण एक सेंटिमीटर सोला. आतल्या बारीक तारा चिमटीत धरून घट्ट पिळा, अगदी समईच्या वातीसारख्या. सगळी मेख इथेच आहे: एक जरी तार सुटून शेजारच्या टर्मिनलला, म्हणजे वायर जोडायच्या जागेला, टेकली, तर शॉर्ट होऊन अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. स्क्रूचं टर्मिनल असेल तर पीळ भोकातून घालून हाताने आवळा, पक्कड नको. स्प्रिंगची क्लिप असेल तर आवरण क्लिपखाली अडकलेलं नाही ना, ते बघा.

अ‍ॅम्प्लिफायरचं लाल टर्मिनल ते स्पीकरचं लाल, काळं ते काळं. वायरीच्या एका बाजूला रेघ किंवा खाच असते. ती कुठल्या रंगाला लावायची ते ठरवा आणि दोन्ही टोकांना तेच पाळा. एकाच स्पीकरची जोडणी उलटी झाली तर काही जळत नाही, पण बास (खालचे, घुमणारे सूर) पोकळ होतो आणि गायकाचा आवाज मधून न येता खोलीभर भरकटतो.

आवाज शून्यावर ठेवून अ‍ॅम्प्लिफायर सुरू करा, मग हळूहळू वाढवा.