अ‍ॅव्हरेज घटले म्हणून महागडे पेट्रोल? या चुका टाळा

गाडीचे अ‍ॅव्हरेज घटले की सोलापुरातील अनेक गाडीमालक पंपावर जाऊन सर्वांत महागडे पेट्रोल मागतात, आणि पहिली चूक तेथेच होते. ऑक्टेन क्रमांकावरून इंधनातील ऊर्जा कळत नाही; सिलिंडरमधील दाब आणि उष्णता वाढली असता ते इंधन अवेळी, आपोआप पेट घेण्याला किती विरोध करते, एवढेच त्यावरून कळते. ज्या इंजिनाची रचना 91 ऑक्टेनसाठी केलेली आहे, त्यात 100 ऑक्टेनचे पेट्रोल घातल्याने बहुधा खर्चच वाढतो. टाकीच्या झाकणामागचा स्टिकर आणि गाडीसोबतची पुस्तिका पाहून निर्णय घ्यावा.

याच्या उलट चूकही होते, आणि ती अधिक हानिकारक आहे. काही टर्बो इंजिनांना जास्त ऑक्टेनचे पेट्रोल आवश्यक असते. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या पुढे गेलेला असताना, एसी सुरू ठेवून आणि गाडी भरून तुळजापूरचा घाट चढताना इंजिनातून खडखड असा धातूचा आवाज आला, तर ते नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटणे, असण्याची शक्यता असते. अशा वेळी गाडीतील संगणक ठिणगीची वेळ मागे नेऊन इंजिन सांभाळतो. पण त्यात ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही जातात. मात्र इंधनाला दोष देण्यापूर्वी एक गिअर खाली घेऊन पाहावे, कारण चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन रेटल्यानेही हाच आवाज येतो.

आपला जिल्हा उसाचा, त्यामुळे इथेनॉलविषयी येथे आपुलकी असणे स्वाभाविक आहे. तरीही हिशेब स्पष्ट असावा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी रचना केलेल्या आणि ई10 (10 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) साठी जुळवलेल्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज ई20 (20 टक्के इथेनॉल) वर 6 ते 7 टक्के, तर ई10 साठी रचना करून ई20 साठी जुळवलेल्या चारचाकींचे 1 ते 2 टक्के घटेल, असा अंदाज दिला आहे. म्हणजे लिटरला 18 किलोमीटर देणारी जुनी गाडी 17 च्या आसपास आली, तर एवढ्यावरून इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे भाग) बदलू नयेत. त्याऐवजी टायरमधील हवा आणि एअर फिल्टर आधी तपासावा. जुन्या गाडीतील इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील मेकॅनिकला अवश्य दाखवावेत.

इथेनॉल पाणी शोषून घेते. पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर महिनोन्महिने उभी असलेली गाडी अडखळू लागली, तर टाकीच्या तळाशी पाणी साचल्याची शंका घ्यावी. मग बाटलीतील औषधे ओतण्यापेक्षा टाकी रिकामी करून घेणे श्रेयस्कर.

मोजण्यातील चूक तर घरोघरी आढळते. पाचशे रुपयांचे पेट्रोल घालून डॅशबोर्डवरील काट्यावरून काढलेले अ‍ॅव्हरेज विश्वासार्ह नसते. एकाच पंपावर ऑटो कटपर्यंत (नळी आपोआप बंद होईपर्यंत) टाकी भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, पुन्हा तेथेच ऑटो कटपर्यंत भरून मधल्या किलोमीटरना दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागावे, आणि असे सलग तीन वेळा केल्यावरच निष्कर्ष काढावा. ऑटो कटनंतर आग्रहाने आणखी पेट्रोल घालू नये. जास्तीचे पेट्रोल बाष्प शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरते आणि तो निकामी होऊ शकतो.

भेसळीची शंका आली, तर पेट्रोल भरण्यापूर्वीच पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि घनता दाखवण्यास सांगावे. माप कमी वाटल्यास 5 लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून मागावे. या तपासण्या मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.