फुफ्फुसातल्या जुनाट संसर्गावरचा लांबलचक अँटिबायोटिक कोर्स कसा निभवावा

मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स, म्हणजेच ‘मॅक’, या जंतूने फुफ्फुसात ठाण मांडलं की आठवडाभराच्या गोळ्यांनी भागत नाही. हा क्षयाच्या जंतूच्या कुळातला, पण मातीत आणि पाण्यात राहणारा. सहसा माणसाकडून माणसाला लागत नाही, त्यामुळे घरच्यांपासून ताट-वाटी वेगळी करू नका. यावर बहुतेकदा अझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल ही तीन औषधं एकत्र देतात. थुंकीचं कल्चर (थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढतात का, हे बघायची तपासणी) निगेटिव्ह आल्यानंतरही ती साधारण 12 महिने घ्यायची असतात. म्हणून सुरुवातीपासूनच मनाशी दीड वर्ष धरावं.

पहिली गोळी घेण्याआधी डोळे, कान, ईसीजी आणि लिव्हर-किडनीच्या तपासण्या करून घ्या. पुढे काही बिघडलं तर ताडून बघायला आधीचे आकडे लागतात. चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम कमी होतो.

रिफॅम्पिसिन उपाशीपोटी घ्यायचं असतं: जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. लघवी केशरी होईल, घाबरू नका. अश्रूही रंगतात, त्यामुळे सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सवर कायमचे डाग पडू शकतात, चष्मा वापरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मळमळ, तोंडाची चव जाणं, थकवा यांना कंटाळून एखादी गोळी गुपचूप गाळण्याचा मोह होतो. तो टाळाच. सोबतची औषधं गाळून एकटं अझिथ्रोमायसिन चालू राहिलं, तर जंतू त्यालाच दाद देईनासा होतो आणि उपचारातलं सर्वांत मोलाचं औषध हातचं जातं. सोसत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. वेळ बदलता येते, काहींना आठवड्यातून तीनच दिवस औषधं देता येतात, औषधही बदलता येतं. पण हे त्यांना ठरवू द्या.

इथॅम्ब्युटॉल चालू असताना दृष्टीवर लक्ष ठेवावं लागतं. आठवड्यातून एकदा, एकाच जागी बसून, त्याच उजेडात, एक डोळा झाकून बारीक छापील मजकूर वाचा; मग दुसरा झाका. तांबडी वस्तू दोन्ही डोळ्यांना सारखीच तांबडी दिसते का, तेही बघा. अक्षरं धूसर किंवा रंग फिके वाटले, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढचा डोस घेऊ नका, आणि त्याच दिवशी बोला. वेळीच थांबवलं तर नजर बहुधा सुधारते, उशीर केला तर कायमची इजा होऊ शकते.

कान वाजणं, कमी ऐकू येणं, छातीत धडधड, डोळे पिवळे होणं, जुलाब न थांबणं, हेही लगेच कळवा.

कफ काढण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करा. गोळ्या चालू आहेत म्हणून ते सोडणारे बरेच जण असतात, पण साचलेला कफ जंतूंच्या पथ्यावर पडतो. वजन दर आठवड्याला लिहून ठेवा.

थुंकीचा नमुना सकाळी, चूळ भरून, खोल खोकून काढलेला द्या. नुसती लाळ चालत नाही. हा जंतू सावकाश वाढतो, त्यामुळे कल्चरच्या अंतिम रिपोर्टला 6 ते 8 आठवडे लागू शकतात. तोवर रिपोर्ट नाही म्हणून औषध थांबवू नका. कोर्स संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस थुंकी तपासत राहा, कारण मातीपाण्यातला हा जंतू नव्याने लागू शकतो.