मांडवात ‘संत तुकाराम’ दाखवायचा तर

गणपतीतली एक संध्याकाळ संतपटाला द्यायची असेल, तर पहिला मान प्रभातच्या ‘संत तुकाराम’चा (१९३६). दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचं, तुकोबा विष्णुपंत पागनीस, आणि चित्रपट तयार झाला तो पुण्यातच, आज एफटीआयआय ही चित्रपट शिकवणारी संस्था आहे त्या आवारात. आजी भक्तीसाठी बसते, नातू चमत्कार बघायला, आणि नंतर बोलायला भरपूर उरतं.

हक्कांची अडचण नाही. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट ६० वर्षांनी संपतो. प्रत मात्र धड हवी. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय लॉ कॉलेज रस्त्यावरच आहे. महिनाभर आधी लेखी विचारा आणि प्रत मिळाली तर त्यांच्या अटी पाळा. नवा भक्तिपट ओटीटीच्या घरगुती खात्यावरून मांडवात लावू नका, त्याला हक्कधारकाची लेखी परवानगी लागते.

खरी कसोटी घड्याळाची. गणपतीत सूर्य साधारण पावणेसातला मावळतो, पण पडद्यावरचा काळा रंग काळा दिसायला सव्वासात होतात. चित्रपट १३१ मिनिटांचा. साडेसहाला आरती उरकून ७:२० ला सुरू केला आणि मध्यंतर घेतलं नाही, तर ९:३१ ला संपतो. दहाला स्पीकर बंद, म्हणजे चर्चेला जेमतेम अर्धा तास. सत्कार आणि प्रायोजकांची भाषणं यात बसत नाहीत, ती दुसऱ्या दिवशी करा. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा तर अंधारच पावणेआठला पडतो, शिवाय पाऊस. त्या दिवसांत मैदानाचा नाद सोडून शाळेचं सभागृह घ्या.

जुन्या चित्रपटाची चौकट जवळपास ४:३. ऑपरेटर ती सवयीने १६:९ वर ताणतो आणि तुकोबा आडवे सुटतात. प्रोजेक्टरवर ‘ॲस्पेक्ट’ ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ ठेवा. दोन्ही कडांना काळे पट्टे दिसले की बरोबर. पडदा १० फूट रुंद, साडेसात फूट उंच घेतलात तर अंतर मात्र पट्ट्यांसकट धरायचं: प्रोजेक्टरची १६:९ ची पूर्ण चौकट १३.३ फूट रुंद, थ्रो रेशो (अंतर भागिले चौकटीची रुंदी) १.५ असेल तर प्रोजेक्टर २० फुटांवर. पट्ट्यांत पाव प्रकाश वाया जातो, म्हणून ३००० ल्यूमेनच्या खाली जाऊ नका. एलईडीच्या माळा बंद. समई तेवती राहू द्या, तिने काही बिघडत नाही.

आवाजात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. चित्रपट मोनो आहे, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकच आवाज. लॅपटॉपच्या हेडफोनची स्टिरिओ पिन मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड (दोन तारांमधला फरकच उचलणाऱ्या) चॅनेलमध्ये खोचली, की दोन्ही बाजूंचे सारखे आवाज एकमेकांना खातात आणि पागनीस जवळजवळ मुके होतात. एकाच्या दोन पिना करणारी केबल घ्या, दोन चॅनेल वापरा. मिरवणुकीचे बेस नकोत. दोन साधे स्पीकर स्टँडवर, बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर. बास उतरवा, ट्रेबल थोडा कमी करा म्हणजे खरखर दबते, मिड उचला. एखादा अभंग लावून शेवटच्या रांगेत जाऊन ऐका. शब्द कळला पाहिजे.

पडदा मूर्तीसमोर लावू नका, बाजूला काटकोनात लावा, म्हणजे कुणाची पाठ बाप्पाकडे होत नाही. काही जण चपला काढून बसतील, त्यांच्यासाठी सतरंजीच्या कडेला जागा ठेवा. कुणी विठ्ठल दिसताच हात जोडले तर जोडू द्या; माईकवरून मध्येच काही समजावू नका.

चर्चेला एक कीर्तनकार आणि एक चित्रपट जाणणारा, दोघंच पुरेत. सुरुवात ‘आधी बीज एकले’पासून करा. हे तुकोबांचं नव्हे, शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेलं. कुणीतरी हटकून वाद घालेल, म्हणून गाथा शेजारी ठेवा. मग जिजाईवर या. पोर आजारी, नवरा अभंगात, आणि ही बाई चप्पल घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला देवळात शिरते. भक्तिपटात हे चाललं, कारण तिचं भांडण घरच्या माणसाशी असावं तसं आहे. आज असा प्रसंग लिहिला तर चालेल का, हा प्रश्न श्रोत्यांकडे टाका. आमच्या मते संध्याकाळची सगळ्यात जिवंत चर्चा इथेच होते, म्हणून दहा मिनिटं राखून ठेवा.

सदेह वैकुंठगमन झालं की घात, हा प्रश्न येणारच. टाळलात तर तो ९:५५ ला येतो आणि माईक कुणी सोडत नाही. तो ९:४५ च्या आत स्वतःच काढा: वारकरी परंपरा काय मानते ते कीर्तनकाराने सांगावं, संशय घेणाऱ्यांचं म्हणणं सूत्रसंचालकाने एका वाक्यात मांडावं, आणि पडद्यावर हे वैकुंठगमन कसं उभं केलं ते चित्रपट जाणणाऱ्याने उलगडावं. निवाडा द्यायला कुणीही बसू नये.