स्फुरद मोजण्याआधी काचेची भांडी आणि कोरा नमुना तपासा

मातीतील पिकांना उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) ओल्सेन पद्धतीने, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने मातीचा अर्क काढून त्यात रसायनांनी येणाऱ्या निळ्या रंगाच्या तीव्रतेवरून, मोजताना येणाऱ्या चुका पुष्कळदा मातीत नसून भांड्यांत आणि रसायनांत असतात. फॉस्फेटयुक्त साबणाने धुतलेल्या काचेवर राहिलेला सूक्ष्म अंशसुद्धा निळ्या रंगाची तीव्रता वाढवतो; म्हणून भांडी १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ठेवावीत, नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने अनेकदा खळबळून घ्यावीत आणि शक्य असल्यास ती केवळ याच कामासाठी राखून ठेवावीत.

अर्क रंगहीन करण्यासाठी वापरला जाणारा कोळसा हा तर अधिकच फसवा घटक आहे, कारण त्यातच स्फुरद असू शकतो. माती वगळून, पण कोळशासह सर्व रसायने घालून कोरा नमुना प्रत्येक तुकडीबरोबर चालवावा. त्याचे वाचन लक्षणीय आल्यास कोळसा आधी आम्लाने व नंतर पाण्याने धुऊन पुन्हा तपासावा.

०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाचा सामू (pH) ८.५ असावा लागतो. कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने साठवणीत तो वाढतो, त्यामुळे वापरण्यापूर्वी सामू मोजलेलाच बरा. हलवण्याचा ३० मिनिटांचा काळ आणि तापमानही सर्व नमुन्यांसाठी एकसारखे ठेवावे, कारण तापमान वाढले की अधिक स्फुरद अर्कात उतरतो.

अहवालात आकडा मूलद्रव्य स्फुरदाचा आहे की फॉस्फरस पेंटॉक्साइडचा, हे स्पष्ट लिहावे, पहिल्याला २.२९ ने गुणले की दुसरा मिळतो.